पास झालेले एक्केचाळीस तुकडे

चामराजपेट, बंगलोर
४ जानेवारी १९९८

चि. संतोषकुमार,

हे पत्र बघून माझा राग गेला असं समजू नकोस. तो आहे तिथेच आहे. साडेतीन वर्षांपूर्वी हुबळीच्या अप्पासाहेबांना मी शब्द दिला, साखरपुड्याची तारीख काढली, आचारी ठरवला, आणि तू अमेरिकेतून तीन ओळींत कळवलंस की मला हे लग्न करायचं नाही. त्यावर मी तुला एकच पत्र लिहिलं होतं, की अप्पासाहेबांची माफी मागितल्याशिवाय या घरात पाऊल टाकू नकोस. ते पत्रही मी मागे घेतलेलं नाही.

आजचं पत्र फक्त एका तांत्रिक अडचणीसाठी आहे. तू कॉम्प्युटरवाला आहेस आणि मी तीस वर्षं टेलिफोनच्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. दोन जाणकार माणसांनी एकमेकांना विचारावं तसं विचारतो आहे.

रिटायर झाल्यावर मी कॉम्प्युटर घेतला. पेंटियम आहे, आवाजाचं कार्ड आहे, माइक आहे. माइकवर आवाज घेतला की मागे सतत 'घूं' असा आवाज येतो. पंखा बंद केला तरी येतो. फ्रीज बंद केला, दूध नासलं, तरी आला. दुकानदार म्हणतो, "सार, अदु हागेने," म्हणजे ते तसंच असतं. तसंच असतं हे उत्तर मी तीस वर्षांत कुणाकडूनही ऐकून घेतलेलं नाही.

एवढा खटाटोप कशाला म्हणशील, म्हणून कारण लिहितो. तुझ्या आईचा आवाज आठ महिने बसलेला होता. आम्ही खडीसाखर, ज्येष्ठमध, हळदीचं दूध असे सगळे उद्योग केले. आता निदान झालं आहे. घशात गाठ आहे, वाईट आहे, आणि ९ फेब्रुवारीला ऑपरेशन आहे. गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागणार. डॉक्टर म्हणतात की त्यानंतर ती जेवेल, हिंडेल-फिरेल, पुष्कळ वर्षं जगेल, पण बोलणार नाही. त्यांनीच निघताना सहज सांगितलं, की घरच्यांना हवा असेल तर आवाज टेप करून ठेवा.

सहज करायच्या गोष्टी मला जमत नाहीत. करायचं तर नीट करायचं. कॅसेटला बुरशी लागते, फीत गुंतते, चार वर्षांनी खरखर ऐकावी लागते. कॉम्प्युटरातला आवाज झिजत नाही. म्हणून मी अठरा पानी मजकूर लिहिला आहे, 'आमचे घराणे'. आपले पूर्वज साताऱ्याकडून निघून इथल्या छावणीत शिवणकामाला कसे आले, तिथपासून ते माझ्या निवृत्तीपर्यंत. तुझी आई तो वाचणार. माहितीपटात कसं वाचतात, स्वच्छ, ठाशीव, तसं. कॉम्प्युटर एका वेळी साठच सेकंद आवाज घेतो, म्हणून मी मजकुराचे एक्केचाळीस तुकडे पाडले आहेत.

तेव्हा 'घूं' कसं घालवायचं ते लिही. बाकी काही लिहायची गरज नाही. मी पत्र पाठवलं हे तुझ्या आईला माहीत नाही, ते तसंच राहू दे.

विठ्ठलराव


१९ जानेवारी १९९८

चि. संतोषकुमार,

तुझा फॅक्स गुंडोच्या एसटीडी बूथवर आला. गुंडो स्वतः घेऊन आला आणि मी वाचेपर्यंत दारात उभा राहिला. अकरा ओळी आहेत. अकराच्या अकरा माइकबद्दल. आईच्या घशात काय झालंय, कसं झालंय, डॉक्टर कोण, याबद्दल एक अक्षर नाही! बाकी काही लिहू नकोस असं मीच लिहिलं होतं हे मला ठाऊक आहे. पण बापाने लिहू नकोस म्हटलं तरी मुलगा विचारतो, एवढी रीत तरी अमेरिकेत राहिली असेल अशी माझी समजूत होती.

उपाय मात्र बरोबर निघाले. कॉम्प्युटरचा डबा मी लांब वायर जोडून स्वयंपाकघरात ठेवला आणि माइक मधल्या खोलीत. 'घूं' गेलं. खिडकीवर दोन रजया टांगल्या. 'प' आणि 'फ' म्हटलं की माइकवर फुंकर बसत होती, म्हणून तिच्या भरतकामाच्या रिंगवर जुन्या व्हॉइलचं कापड ताणलं आणि ती रिंग माइकपुढे बांधली. तोंड माइकपासून एक वीत लांब. पट्टी घेऊन मीच मोजतो.

आता यंत्र सुधारलं तर माणसं सुधारत नाहीत. दुपारी दोन ते तीन हीच काय ती शांत वेळ, म्हणून ती ठरवली. तर बरोबर सव्वादोनला सोप्पूवाला पालेभाजीची गाडी घेऊन आपल्याच दारात ओरडतो. त्याला मी चार वाजता यायला सांगितलं. तो म्हणाला, चारला पाला सुकतो. कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानातली चक्की वेगळीच. शेजारच्या ठकुबाई दार न वाजवता विरजण मागायला येतात. दारावर मी 'शांतता, ध्वनिमुद्रण चालू आहे' असा कागद लावला, तर त्या आत येऊन विचारतात, "हे काय लावलंय हो अण्णा?" तो अख्खा तुकडा नापास.

आणि तुझी आई! माझं एक वाक्य आहे: 'सन अठराशे अठ्ठावन्नच्या सुमारास आमचे मूळपुरुष बेंगळुरास स्थायिक झाले.' साधं वाक्य. मूळपुरुष म्हटलं की तिला हसू येतं. का येतं विचारलं तर म्हणते, "तुमचे आजोबा डोळ्यांपुढे येतात हो, लंगोट वाळत घालताना." चार वेळा घेतलं, चारही वेळा हसली. वाक्य संपलं की मान हलवून "सरी", म्हणजे ठीक, असं म्हणते, जसं काही बाजारात हिशेब मिटला. मध्येच मला "स्वल्प थांबा, पाणी पिते" म्हणते. मी तिला म्हटलं, पद्मावती, हे सबंध महाराष्ट्रातल्या कुणीही ऐकलं तरी नाव ठेवता कामा नये, मराठी बोल. ती म्हणाली, "पन्नास वर्षं मग मी काय बोलत होते?" हाही तुकडा नापास, कारण बटण दाबलेलं होतं.

आजपर्यंत तेरा पास आहेत. आवाज बसका येतोच, त्याला इलाज नाही, पण शब्द न् शब्द कळतो. तिचा घसा दिवसाला वीस मिनिटांच्या वर चालत नाही. रविवार तर फुकटच जातो, कारण रविवारी सकाळी ती भाजीला म्हणून जाते आणि तास-दीड तास लावते. मी मंडळाच्या वाचनालयातून परत येतो तरी ही बाई बाजारातच.

विठ्ठलराव


३० जानेवारी १९९८

चि. संतोषकुमार,

तुला आणखी एक विचारायचं होतं, पण ते मीच सोडवलं. तरी कळवतो, कारण दुसरं कुणी समजून घेणारं नाही.

मंगळवारी कॉम्प्युटरने सांगितलं की जागा संपली. मी चांगल्यातला चांगला आवाज घेत होतो, त्याला एका मिनिटाला दहा एमबी लागतात. पास तुकडे थोडे, नापास ढीगभर. एकेका तुकड्याची सात-सात, आठ-आठ रूपं. मग मी कारखान्यात करायचो तेच केलं. वही काढली, एकेक नापास तुकडा ऐकला, कारण लिहिलं आणि पुसला. 'हसली.' 'खोकला.' 'भाजीवाल्याशी भांडण.' 'मला हाक.' 'गाणं गुणगुणली, कारण माहीत नाही.' कचऱ्याची टोपली असते ना त्यात, तीही रिकामी केली. आता जागाच जागा झाली आहे.

त्याच दिवशी करंट गेला आणि चांगला जमलेला सव्विसावा तुकडा साठवायच्या आत गेला. मी टेबलावर हात आपटला. तुझी आई म्हणाली, "तुम्हाला माझा आवाज पाहिजे की आजोबांचा इतिहास?" मी म्हटलं, दोन्ही. ती म्हणाली, "मग मी जरा माझ्या मनाचं बोलू का? लिहिलेलं नको. असंच." मी म्हटलं, आधी एक्केचाळीस होऊ देत. मग वेळ आणि जागा उरली तर बोल की, कोण नको म्हणतंय. ती म्हणाली, "सरी." आणि परत सव्विसावा वाचला. एकदाही अडली नाही.

तुला वाटेल म्हातारा हट्टी आहे. आहेच. पण दहा दिवस राहिलेत रे. आणि मला दुसरं काय येतं? तिच्यापुढे बसून रडता येत नाही. वायर जोडता येते, चूक पकडता येते, तेवढं मी करतो आहे. रात्री तिला गोळ्यांनी झोप लागते आणि मी जागा असतो. त्याबद्दल तू विचारलं नाहीस, मी सांगत नाही.

तुझ्याकडून मात्र दुसरा फॅक्स नाही. ऑपरेशनची तारीख तुला माहीत आहे. रजा काढून यावं असं वाटलं असतं तर एव्हाना कळवलं असतंस. माफीचं मी म्हटलं होतं ते खरं. पण आईसाठी येणाऱ्याला मी काय दारातून ढकलणार होतो?

विठ्ठलराव


८ फेब्रुवारी १९९८

चि. संतोषकुमार,

एक्केचाळीस झाले. काल दुपारी दोन चाळीसला शेवटचा पास केला. खोकला नाही, चक्की नाही, ठकुबाई नाहीत. तीस वर्षांच्या नोकरीत इतका निर्दोष माल माझ्या हातून गेला नव्हता. सगळे तुकडे मी दोन वेगवेगळ्या जागी साठवले आहेत. एका ओळखीच्याकडून सीडीही करून घेणार आहे.

तिच्या मनाचं बोलायचं राहिलं. शेवटचा तुकडा झाल्यावर मी म्हटलं, आता बोल. तेव्हा घसा पार गेला होता, नुसती हवा येत होती. तिने हातानेच नको म्हटलं. मी म्हटलं, उद्या सकाळी घेऊ, ताजी असतेस.

आणि आज सकाळी काय केलं असेल? उद्या हॉस्पिटलात भरती, बॅग भरायची, रिपोर्ट लावायचे, आणि ही बाई पिशवी घेऊन भाजीला! मी म्हटलं, कुणासाठी भाजी आणतेस? उद्यापासून मी मेसमध्ये जेवणार आहे. ऐकलं नाही. पावणेदोन तासांनी आली. पिशवी रिकामी, डोळे सुजलेले, आवाज संपलेला. मी इतका भडकलो की विचारू नकोस. माइक लावून, रजया टांगून मी वाट बघत बसलो होतो, आणि हिने असलेला आवाज बाजारात घासाघीस करून संपवला. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि आत जाऊन झोपली.

उद्या सात वाजता निघायचं आहे. संध्याकाळी ठकुबाई आल्या, भांडीकुंडी घासून गेल्या, माझ्याकडे बघून उगाच डोळे पुसले. सगळ्यांना माझी दया येते आहे आणि मला सगळ्यांचा राग येतो आहे.

विठ्ठलराव


२ मार्च १९९८

संतू,

ऑपरेशन व्यवस्थित झालं. हे तुला गुंडोकडून त्याच दिवशी कळलं हे आता मला समजलं आहे, तरी बापाने कळवायचं म्हणून कळवतो. गाठ पूर्ण निघाली. अठरा दिवसांनी तिला घरी आणली. गळ्याला खाली एक भोक आहे, त्यातून श्वास घेते. पातळ पदार्थ नळीने चालू आहेत. रंग परत आला आहे. बोलायचं असलं की पाटीवर लिहिते.

परवा शनिवारी मी 'आमचे घराणे' सगळ्यांना ऐकवायचं ठरवलं. ठकुबाईंना बोलावलं, गुंडो आला. मोठे स्पीकर लावले, कॉफी केली. पहिला तुकडा झाला, दुसरा झाला. इतका स्वच्छ आवाज, की गुंडो म्हणाला, "रेडिओच हो, राव." पाचव्या-सहाव्या तुकड्याला ठकुबाईंनी मला हळूच विचारलं, "छान आहे. पण ह्या कोण बाई वाचतायत?"

मी म्हटलं, असं काय विचारता, ही पद्मावती. त्या कावऱ्याबावऱ्या झाल्या. "हो की, हो की," म्हणाल्या. तीस वर्षं भिंतीला भिंत लागून राहिलेल्या बाईला कळलं नाही. मी तुझ्या आईकडे बघितलं. ती हसत होती. तोंड हसत होतं, खांदे हलत होते, आणि आवाज नव्हता. मी स्पीकर बंद केले.

सगळे गेल्यावर मी एकेक तुकडा परत ऐकला. ठकुबाईंचं बरोबर आहे. त्यात कुठेही 'सरी' नाही, 'अहो' नाही, 'अय्यो' नाही. एक्केचाळीस मिनिटांत ती एकदाही हसत नाही. ती कोण बाई आहे मला माहीत नाही. मी तिला घडवली आणि ती मला नको आहे.

मग मी तीन तास कॉम्प्युटर धुंडाळला. कारखान्यात इतके भाग मी नापास केले, त्यातला एकही परत मागायची वेळ माझ्यावर आली नव्हती. टोपली मीच रिकामी केली होती. वही तेवढी शिल्लक आहे. 'मला हाक' असं बावीस ठिकाणी लिहिलेलं आहे, माझ्याच अक्षरात, कारण म्हणून. मी ती वही घेऊन जमिनीवर बसलो आणि रडलो. तुला सांगायला लाज वाटत नाही.

तुझी आई उठून आली. पाटीवर लिहिलं, 'संतूकडे आहे.'

मला कळेना. मग तिने लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. अर्धा तास लागला. साडेतीन वर्षं, दर रविवारी, मी वाचनालयात गेलो की ती गुंडोच्या बूथवरून तुला फोन करत होती. तू भेटलास तर बोलायची, नाही भेटलास तर तुझ्या फोनला जोडलेल्या निरोपाच्या यंत्रात बोलून ठेवायची. तू त्या यंत्राच्या फिती एकही न पुसता ठेवल्या आहेस असं तूच तिला सांगितलंस. तिला गाठ आहे हे तुला माझं पत्र पोचायच्या आधी चार दिवस माहीत होतं. तू तिकीट काढायला निघाला होतास आणि तिनेच तुला थोपवलं. पाटीवर तिने लिहिलेलं वाक्य जसंच्या तसं देतो: 'मी त्याला म्हटलं, अण्णा स्वतः ये म्हणतील तेव्हाच ये. चोरासारखा आईला बघून जाऊ नको.'

गुंडोला माहीत होतं. ठकुबाईंना माहीत होतं. आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती तुझ्याशी बोलून आली, तर मी तिला भाजीवरून बोललो! मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? तिने लिहिलं, 'सांगितलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता. मग मला खोटं बोलावं लागलं असतं.' आयुष्यभर तिच्या कुठल्याच वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून तर मी उच्चार दुरुस्त करत बसलो.

तुझ्यावरचा राग मी आता कुठे ठेवू ते कळत नाही. शब्द मी दिला होता, तुला न विचारता दिला होता. लग्न तुझं होतं. अप्पासाहेबांची मुलगी दावणगेरेला सुखात आहे, दोन मुलं आहेत, ते स्वतः केव्हाच विसरले. मीच एकटा ते धरून बसलो होतो.

काल रविवारी सकाळी मी वाचनालयात गेलो नाही. बूथवर गेलो. गुंडोने मला नंबर विचारला नाही, त्याला पाठ आहे. त्याने लावून दिला आणि काचेचं दार ओढून बाहेर जाऊन उभा राहिला. चार वेळा वाजलं. मग तुझा आवाज आला, इंग्रजीत, की घरी नाही, निरोप ठेवा. साडेतीन वर्षांनी ऐकला. जाड झाला आहे तुझा आवाज. मग टुंग झालं आणि मला बोलायचं होतं. मी काय बोलायचं ते रस्त्याने ठरवत गेलो होतो. एक शब्द फुटला नाही. पुढ्यात मीटर पळत होता, मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून उभा होतो, शेवटी गुंडोने दार उघडून तो माझ्या हातातून घेतला.

तर ऐक. त्या फितींना हात लावू नकोस. साफ करायला जाऊ नकोस. मागे बूथचा गोंगाट असेल, रिक्षा असतील, ती खोकत असेल, कानडीत गुंडोशी बोलत असेल, ते सगळं असू दे. आणि शेवटच्या फितीच्या शेवटी मिनिटभर कुणी काही बोलत नाही, नुसता श्वास ऐकू येतो, तो राँग नंबर म्हणून पुसू नकोस. तो मी आहे.

ये.

अण्णा